गेमच्या बटणांत एलईडी: दोन पावसाळे टिकेल अशी जोडणी

गेल्या गणपतीत माळ्यावरून गेमचा खोका खाली काढला, लावला, आणि सोळा बटणांपैकी पाचच पेटली. मुंबईहून आलेली भाचरं भोवती कोंडाळं करून बसलेली, आरतीला अजून तासभर अवकाश, आणि मी स्क्रूड्रायव्हर शोधतोय. मागची फळी उघडून एकेक एलईडी काढला, सुटा लावून पाहिला. सगळे धडधाकट. बिघाड होता तो पत्त्यांवर, म्हणजे बटणामागच्या ज्या धातूच्या पट्ट्यांना वायर जोडतात त्यांवर. प्लसच्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक पत्तीवर कळक चढला होता, कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चढतो तसला, हिरवा. ते दिवे आदल्या वर्षी मीच बसवले होते, एका दुपारीत, आणि स्वतःवर फार खूश होऊन.

घरच्या आर्केड कंट्रोलमधले, म्हणजे गेम खेळायच्या बटणांच्या खोक्यातले, जुने बल्ब काढून एलईडी घालणं, किंवा साध्या बटणांच्या जागी उजळणारी बटणं बसवणं, हे खरंच एका दुपारचं काम आहे. सोल्डरिंग येत नसलं तरी जमतं. पण मालवण-वेंगुर्ल्यापासून वर दापोली-श्रीवर्धनपर्यंत कुठेही समुद्राच्या जवळ राहत असाल, तर घाटावरच्या मित्राने केली तीच जोडणी तुमच्याकडे तितकी टिकत नाही. म्हणून दिवे कसे लावायचे याच्या बरोबरीने ते पुढच्या चतुर्थीला पेटतील कसे, हेही इथे सांगतो आहे.

दुकानात जाण्याआधी एक गंमत. आमच्या किनाऱ्यावर 'एलईडी' म्हटलं की लोकांना आधी भर समुद्रातली प्रखर दिव्यांची मासेमारी आठवते. केंद्राने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी तिच्यावरून पारंपरिक मच्छीमारांचा संताप काही निवलेला नाही. मी इलेक्ट्रिकच्या दुकानात "बारा व्होल्टचे एलईडी आहेत का, वीसेक?" असं विचारलं तेव्हा मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कित्याक होये? मासे पकडूक?"

आधी हातात काय आहे ते ओळखा

खोका यूएसबीपासून आणि अडॅप्टरपासून सोडवा, मगच उघडा. आतून मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठे होती हे लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं आणि ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आत तीनपैकी एक प्रकार दिसेल. पहिला म्हणजे अपारदर्शक प्लास्टिकचं साधं बटण, ज्याच्या मागे फक्त मायक्रोस्विच, म्हणजे बटण दाबलं की जोडला जाणारा छोटा खटका असतो. त्यातून उजेड बाहेर पडत नाही, तेव्हा बटणंच बदलावी लागतात. बदलण्यापूर्वी फळीतल्या छिद्राचं माप घ्या. जपानी धाटणीची बटणं ३० मिलिमीटरच्या छिद्रात बसतात, स्टार्ट आणि कॉइनची बहुधा २४ च्या. अमेरिकी धाटणीची, मागून नट आवळायची बटणं साधारण २८ मिलिमीटरच्या छिद्रात जातात. खटकन दाबून बसवायची बटणं पातळ पत्र्यासाठी आणि ॲक्रिलिकसाठी असतात. जाड फळीत त्यांच्या बाजूच्या खिट्ट्या पलीकडे पोचतच नाहीत. गावच्या सुताराकडून फणसाच्या फळीचा खोका करून घेतला असेल, तर नटवालीच घ्या. नवा खोका करायचाच असेल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, मात्र टाळा. आषाढ संपेस्तोवर चहात बुडवलेल्या बटरासारखा फुगतो, आणि मग बटणं छिद्रात अडकायला लागतात. फणस किंवा सागाची फळी नसेल तर मरीन प्लाय बरा.

दुसरा प्रकार जुन्या पॅनेलमध्ये मिळतो. बटण पारदर्शक, मागे होल्डर, आणि होल्डरमध्ये काचेचा चपट्या बुडाचा छोटा बल्ब. होल्डर पाव फेरा फिरवला की सुटतो आणि बल्ब सरळ ओढला की निघतो. हा बल्ब तुम्ही आधी पाहिलेला आहे. बऱ्याच गाड्यांच्या पार्किंग लाइटमध्ये हाच असतो आणि स्पेअर पार्टच्या दुकानात तो 'टी-टेन' किंवा 'कॅपलेस' नावाने मिळतो. त्याच बुडाचा बारा व्होल्टचा एलईडीही तिथेच मिळतो, म्हणजे ह्या एका वस्तूसाठी मुंबईची वाट बघावी लागत नाही. दोन गोष्टी तपासा. गाडीसाठी केलेले काही एलईडी लांबीला जास्त असतात आणि बटणाच्या दट्ट्याला खालून टेकतात, मग बटण पूर्ण दाबलं जात नाही. आणि ज्यांच्या अंगावर चारी बाजूंनी चिप चिकटवलेल्या असतात, ते उगाच जास्त करंट खातात आणि तापतात. आपल्याला वरच्या टोकाला एकच चिप असलेला पुरतो.

तिसरा प्रकार आजकालच्या तयार किटमधला. बटणात एलईडी आधीच आहे, मागे चार पत्त्या आहेत, दोन स्विचच्या आणि दोन दिव्याच्या. कुठल्या कुठल्या ते मल्टीमीटर सांगतो. तो बीपवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर ठेवून दोन पत्त्यांना टोकं लावा आणि बटण दाबा. दाबल्यावरच वाजलं तर त्या स्विचच्या. उरलेल्या दोन दिव्याच्या. ह्या बटणांचे एलईडी पाच व्होल्टचे असतात किंवा बारा व्होल्टचे, दिसायला तंतोतंत सारखे. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर आधी पाच व्होल्ट देऊन बघा. छान उजळला तर पाचचा, मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर बाराचा. पेटला नाही तर एकदा टोकं उलटी करूनही बघा. उलट क्रमाने, म्हणजे आधी बारा देऊन, ही परीक्षा घेऊ नये. मी घेतली होती. चार बटणं दोनेक मिनिटं काजव्यांची राणी असल्यासारखी निळसर झगमगली आणि मग कायमची झोपली.

बल्ब स्वतःला आवरतो, एलईडी आवरत नाही

हे एवढं कळलं की पुढचा सगळा हिशेब सोपा आहे. बल्बमधली तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे करंट आपोआप मर्यादेत राहतो. एलईडीचं तसं नाही. ठरावीक व्होल्टपर्यंत तो ढिम्म असतो आणि ती रेषा ओलांडली की करंट धावत सुटतो. पोफळीच्या बागेत पाटाच्या तोंडाशी फळी आडवी लावली नाही तर सगळं पाणी एकाच आळ्यात जातं आणि माती वाहून नेतं. एलईडीच्या वाटेतली ती फळी म्हणजे रेझिस्टन्स.

लाल आणि पिवळ्या एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, निळ्या, पांढऱ्या आणि गडद हिरव्यावर ३ ते ३.४. ह्या फरकामागे मोठी कथा आहे. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्येच झाला होता, पण निळ्यासाठी लागणारं गॅलियम नायट्राइड वठणीवर आणायला आणखी तीस वर्षं गेली. ते करणारे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त, म्हणून त्याला व्होल्टही जास्त लागतात. पांढरा एलईडी म्हणजे आत निळाच, वर पिवळा लेप दिलेला.

सूत्र असं: पुरवठ्याच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा आणि करंटने भागा. बटणाला १५ मिलिअँपिअर म्हणजे ०.०१५ अँपिअर भरपूर झाले. पाच व्होल्टवर लाल असेल तर ३ भागिले ०.०१५, म्हणजे २०० ओहम. बाजारात २२० मिळतो, तो घ्या. पाच व्होल्टवर निळा असेल तर १.८ भागिले ०.०१५, म्हणजे १२०. बारा व्होल्टवर लाल काय, निळा काय, ६८० ओहम चालतो. सगळे पाव वॉटचे पुरतात.

नवखे लोक इथे एक चूक करतात. पाच व्होल्टवर सगळ्यांना सरसकट २२० लावतात. मग लालला साडेतेरा मिलिअँपिअर मिळतात आणि निळ्याला आठ, आणि निळे एलईडी खराब निघाले असं वाटतं. खराब कुणीच नसतं. बारा व्होल्टवर हा फरक जवळजवळ दिसत नाही, कारण बारातून दोन काय नि तीन काय वजा केले तरी बाकी बरीच उरते. तयार बटणात किंवा टी-टेन एलईडीत रेझिस्टन्स आतच असतो, त्याला बाहेरून दुसरा लावायचा नाही. सुटे दोन पायांचे एलईडी घेतलेत तरच हा उद्योग. त्यांचा लांब पाय प्लस. पाय कापले गेले असतील तर कडेला जिथे सपाट घासलेलं असतं, तो मायनस.

आता एकूण बेरीज. दोन खेळाडूंचं पॅनेल, प्रत्येकी सहा बटणं आणि स्टार्ट-कॉइन, मिळून सोळा. पाच वॉटचे जुने बल्ब असते तर ८० वॉट, म्हणजे बारा व्होल्टवर पावणेसात अँपिअरच्या आसपास. सोळा एलईडी पंधरा मिलिअँपिअरने धरले तर पाव अँपिअरसुद्धा भरत नाही. संगणकाचा साधा यूएसबी २ पोर्ट अर्धा अँपिअर देतो, तेव्हा त्यावरही भागेल. तरी मी वेगळा पुरवठा देतो, का ते पुढे येईल.

रंग आणि झगमगाट

रंगीत बटणाखाली पांढरा एलईडी घालून बघा आणि निराश व्हा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल फार थोडा असतो, त्यामुळे लाल टोपीखाली तो फिकट गुलाबी दिसतो. लाल टोपीखाली लाल, निळ्याखाली निळा, हिरव्याखाली हिरवा घाला. पिवळ्याखाली पिवळसर पांढरा चालतो. पांढऱ्या टोपीखाली काय ते तुमच्या हौसेवर.

दुसरी तक्रार डोळ्यांची. गोल डोक्याचा एलईडी उजेड भाल्यासारखा सरळ वर फेकतो, बटणाच्या मधोमध पांढरा ठिपका आणि कडेला अंधार. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरवर त्याचं डोकं घासून दुधी करा, उजेड पसरतो. टी-टेनला घासता येत नाही, तिथे बटर पेपरची गोल चकती कापून टोपीच्या आत घाला. आमच्या घरात सगळ्यात जास्त कौतुक ह्या चकत्यांचं झालं, ज्यांचा खर्च शून्य होता.

जोडणी

एकच बटण आधी पूर्ण करा. बसवा, पेटवा, दाबून बघा, गेममध्ये तपासा. मग बाकीची पंधरा.

स्विचच्या वायरी जशा आहेत तशा राहू द्या, त्यांना हात लावायचं कारण नाही. दिव्यांसाठी दोन वायरी वेगळ्या फिरवायच्या, लाल प्लसची आणि काळी मायनसची. अडॅप्टरपासून निघालेली लाल वायर पहिल्या बटणाच्या प्लस पत्तीवर, तिथून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या. काळी तशीच मायनसवर. ही समांतर जोडणी. एकामागे एक, म्हणजे एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, अशी करू नका. माटवीवर, म्हणजे गणपतीवरच्या मंडपीवर, सोडायच्या स्वस्त माळा तशाच केलेल्या असतात, आणि एक दिवा गेला की अर्धी माळ कशी विझते ते आपण दर भाद्रपदात बघतो.

माळांचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची सूचना. घरात पडलेली जुनी माळ तोडून तिचे एलईडी सुटे करून वापरायला हरकत नाही. पण २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लागणारी माळ जशीच्या तशी खोक्यात कोंबू नका. तिच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे तिची प्रत्येक उघडी जागा सॉकेटइतकीच जिवंत. पोरांच्या घामट हातांखाली ती नको.

वायर ०.५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची, लवचीक घ्या. पत्त्यांवर सरकवून बसवायचे टर्मिनल दोन-तीन रुंदीचे येतात. ४.८ आणि ६.३ मिलिमीटर हे नेहमीचे, काही जपानी बटणांना २.८. पत्ती मोजून मगच घ्या. सैल टर्मिनल पकडीने दाबून घट्ट करणं हा आपला राष्ट्रीय छंद असला तरी इथे तो आवरा, कारण सैल जागेतच ओल शिरते. टर्मिनल वायरीवर दाबायला क्रिंपिंगची पकड मिळते, ती एकदाच घेऊन ठेवा किंवा कुठल्या तरी वायरमनकडून तासाभरासाठी मागून आणा. दाबल्यावर वायर ओढून बघा. निघून आली तर पुन्हा.

सोल्डर करणार असाल तर २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते आणि आत राळ भरलेली सोल्डरची तार घ्या. पत्र्याच्या भांड्यांना डाग देताना वापरतात तो ॲसिडचा फ्लक्स इथे वर्ज्य. तो धुतला गेला नाही तर पुढच्या कळकाचं विरजण तुम्ही स्वतःच लावलंत असं समजा.

कळक का चढतो

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि ते घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसतात, बंद खोक्याच्या आतसुद्धा. मीठ कोरडं असताना निरुपद्रवी. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. मिठाच्या बरणीत पावसाळ्यात पाणी सुटतं ते हेच. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्या पातळीच्या वरच असते. म्हणजे खोक्यावर थेंबही न पडता आतल्या पत्तीवर खारं पाणी तयार होतं.

त्यात करंट सोडला की गोष्ट वेगळ्याच वेगाने पुढे जाते. दोन पत्त्यांमध्ये खाऱ्या पाण्याचा पापुद्रा आणि डीसी पुरवठा, म्हणजे शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोग झाला. त्यात झिजते ती प्लसची पत्ती. माझ्या खोक्यात हिरवा रंग फक्त प्लसकडे का होता, ह्याचा उलगडा मला तेव्हा झाला. गेम बंद असला तरी दिव्यांचा अडॅप्टर मी दिवसरात्र चालू ठेवत होतो, ओटीवर शोभा म्हणून.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून आपल्याकडे आत छोटा बल्ब पेटता ठेवायची रीत होती. जुन्या पॅनेलमधले पाच-पाच वॉटचे बल्ब नकळत तेच काम करत होते. खोका आतून ऊबदार, म्हणून कोरडा. एलईडी आले, वीज वाचली, खोका थंड झाला, आणि ओलीला घर मिळालं.

उपाय मला बंदरावर होडीच्या वायरिंगची कामं करणाऱ्या एका काकांकडून मिळाले. ते बॅटरीवरच्या जोडण्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात टिकवतात, त्यांच्यापुढे माझा खोका म्हणजे खेळणंच. त्यांनी पहिल्यांदा वायरीचं टोक सोलून बघितलं. आतलं तांबं लालच होतं. "कल्हईवाली वायर घे रे झिला," एवढंच म्हणाले. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा रुपेरी दिसतात. लाल तांबं दोन पावसाळ्यांत आवरणाखाली आतपर्यंत काळं पडतं, मग सोल्डरही धरत नाही.

टर्मिनल बसवल्यावर प्रत्येकावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी नळी, चढवा. स्लीव्ह वायरीत आधी ओवायची, टर्मिनल नंतर. ही चूक मी अजूनही दहातून एकदा करतो. टर्मिनल पत्तीवर घट्ट सरकवलं की बाहेरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. घट्ट जागी धातूला धातू भिडलेला असतो, तिथे व्हॅसलिन अडथळा करत नाही, पण भोवतीची फट बुजते. स्विचच्या आत मात्र ते जाऊ देऊ नका.

दिव्यांच्या लाल वायरीत एक छोटा स्विच टाका आणि तो खोक्याच्या बाजूला बसवा. खेळताना दिवे चालू, एरवी बंद. अपघटनाला करंट लागतो, तो मिळालाच नाही तर पत्ती कितीतरी जास्त टिकते. वेगळा पुरवठा मी देतो त्याचं हेच कारण. संगणक किंवा टीव्ही बॉक्स कुणीतरी चालू ठेवतंच, आणि यूएसबीवरचे दिवे मग रात्रभर जळत राहतात.

खोका पावसाळाभर माळ्यावर जाणार असेल तर कोरड्या दिवशी, मेच्या शेवटी, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या टाका. उघड्या खोक्यात पुड्या टाकून उपयोग नाही, त्या दोन दिवसांत तृप्त होतात. वायरी बाहेर काढायच्या भोकांना जाळी लावा. आमच्या पॅनेलमध्ये एकदा पालीने अंडी घातली होती आणि मुंग्यांनी मायक्रोस्विचमध्ये माती भरली होती. 'जंप' दाबलं की माती खाली पडायची.

वीज कुठून घ्यायची

पाच व्होल्टच्या दिव्यांना बीआयएसचं चिन्ह असलेला जुना मोबाइल चार्जर उत्तम. एक खराब यूएसबी केबल कापा. आत चार वायरी निघतील. बहुतेक केबलींत लाल प्लस आणि काळी मायनस असते, पण मल्टीमीटरने एकदा खात्री करा. हिरवी आणि पांढरी डेटाच्या, त्या वेगवेगळ्या टेपने बंद करून सोडून द्या. बारा व्होल्टसाठी वाय-फाय राउटरचा एक अँपिअरचा अडॅप्टर पुरतो.

लाइट गेल्यावरही खेळायचं म्हणून काही जण इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट ओढतात. चार्जिंग चालू असताना ती बॅटरी १४ च्या वर जाते, त्या हिशेबाने रेझिस्टन्स तपासा. ६८० ओहम तिथेही सुखरूप राहतो. बॅटरीच्या अगदी तोंडाशी एक अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय मात्र ती वायर खोक्यापर्यंत आणू नका. बॅटरीला शॉर्ट झालेली वायर पेटते, आणि घराचा माळा लाकडी असतो. मेअखेरच्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाच्या गडगडाटात सगळं सॉकेटमधून काढून ठेवायचं, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

दाबल्यावर रंग बदलणारी बटणं

भाच्याला हीच हवी होती, आणि तुम्हालाही पहिल्या आठवड्यानंतर हवीशी वाटतील. ह्यात प्रत्येक एलईडीच्या आत छोटी चिप असते, डब्ल्यूएस२८१२बी नावाची जात सर्वांत प्रचलित, आणि एकाच डेटा वायरीवरून प्रत्येकाला वेगळा रंग सांगता येतो. चालवायला रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट मिळणारं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, पुरतं. बोर्डवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावली की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फर्मवेअरची फाइल टाकली की झालं. नंतर स्टार्टचं बटण दाबून धरून पुन्हा लावायचा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ हा पत्ता उघडायचा. कुठल्या पिनवर डेटा, एका बटणात किती एलईडी, कुठलं बटण कितवं, सगळं तिथे ठरवता येतं.

अडचणी दोन. पहिली करंटची. असा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला तर ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. बटणात चार धरले तर सोळा बटणांचे चौसष्ट, म्हणजे पावणेचार अँपिअरच्या वर. इथे संगणकाचा पोर्ट विसरा, पाच व्होल्ट पाच अँपिअरचा वेगळा अडॅप्टर घ्या, त्याचा मायनस पिकोच्या मायनसला जोडा, आणि ब्राइटनेस सेटिंगमध्ये तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटा वायरीत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टन्स टाका. पिको ३.३ व्होल्टचा इशारा देतो आणि पाच व्होल्टवरच्या एलईडीला कागदोपत्री ३.५ हवेत. डेटाची वायर बोटभर असेल तर बहुधा चालून जातं. लांब असून दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले, तर मध्ये हा इशारा पाच व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही आयसी टाका.

दुसरी अडचण पुन्हा कळकाची. इथे डेटा एका एलईडीतून पुढच्यात जातो, पट्टीवरच्या बाणाच्या दिशेने. मधला एक सांधा कुजला की त्याच्यापुढचे सगळे गप्प. साध्या जोडणीत एक पत्ती गेली तर एक बटण जातं, इथे रांग जाते. म्हणून माझं मत, पहिल्या वर्षी साधे दिवे लावा, तुमचं घर किती ओल धरतं ते एका पावसाळ्यात कळू द्या, आणि मग ह्या वाटेला जा.

पेटलं नाही तर

एकच बटण बंद असेल तर त्याचा एलईडी काढून उलटा घाला. दहातल्या आठ वेळा तेवढंच असतं. अमुक एका बटणापासून पुढचे सगळे बंद असतील तर त्याच्या आधीच्या टर्मिनलमध्ये वायर सुटली आहे. सगळेच मंद असतील तर बाराच्या एलईडीला पाच मिळताहेत. आणि दिवे छान पेटले पण एखादं बटण गेममध्ये सतत दाबलेलं दिसतंय, तर दिव्याची वायर चुकून स्विचच्या पत्तीवर गेली आहे. ताबडतोब बंद करा, यूएसबीचा एन्कोडर बोर्ड, म्हणजे कुठलं बटण दाबलं ते संगणकाला कळवणारा, त्याने जाऊ शकतो.

फळी लावण्याआधी तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: पुरवठा किती व्होल्टचा, कुठल्या रंगाला किती ओहम, आणि तारीख. शाईचं पेन नको, ओलीने फुटतं. माझ्या फळीवर आता दोन तारखा आहेत. पहिल्या तारखेच्या खाली भाचीने, मला न विचारता, ठळक अक्षरात 'मामाचा घोटाळा' असं लिहून ठेवलं आहे.